हिम्मतरावांची फेरिस्त

"यात काय आहे? दहा मिनिटांचं काम," असं हिम्मतराव म्हणाले, तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या दहा मिनिटांचं काम संध्याकाळी सहापर्यंत चाललं आणि त्याचा धुरळा हैदराबादेतल्या अंबरपेठेतून उडून त्यांच्या सुनेच्या माधापूरच्या ऑफिसपर्यंत गेला. पण ते वाक्य त्यांनी अशा काही तोऱ्यात टाकलं की ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थानं आयुष्यभर कॉम्प्युटरच उघडले आणि मिटले.

वास्तविक हिम्मतरावांनी आयुष्यभर कागद बांधले. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं. त्या खोलीत एक नियम होता आणि तो त्यांच्या रक्तात उतरला होता: कुठलाही कागद नष्ट करायचा, तर आधी त्याची फेरिस्त करायची. फेरिस्त म्हणजे यादी, पण नुसती यादी नव्हे. अनुक्रमांक, तारीख, वेळ, कागदाचं वर्णन, शेरा, आणि खाली सही. फेरिस्तीशिवाय त्यांनी चिठ्ठीसुद्धा फाडू दिली नाही. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी घरातल्या माळ्यावर गॅसच्या पावत्या, लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या असे एकतीस गठ्ठे लाल कापडात बांधून ठेवलेले होते. एकदा अनुराधाबाईंनी न विचारता जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला दिली, त्या प्रकरणाचा निकाल अजून लागायचा होता.

अनुराधाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. वय सहासष्ट. गेले चार महिने त्या रोज दुपारी भांडी आवरून झाली की चष्मा चढवून बैठकीतल्या कॉम्प्युटरसमोर बसत, कानाला ते हेडफोन लावत आणि वहीत काहीबाही उतरवत. हिम्मतरावांना याचा फार अभिमान. दर गुरुवारी ते सुलतान बाजारात एकनाथरावांच्या कापडदुकानात गप्पा मारायला जात, तिथे न चुकता सांगत, "आमची मंडळी कॉम्प्युटरचा कोर्स करतेय." कॉम्प्युटरसमोर बसून करते म्हणजे कॉम्प्युटरचाच, हे त्यांना इतकं उघड वाटे की विचारायची वेळच कधी आली नाही.

आज त्या कोर्सची शेवटची परीक्षा होती. दुपारी दोन ते संध्याकाळी सहा एवढ्या वेळात कधीही बसायचं, पेपर दोन तासांचा, संधी एकच. सहाला दार बंद. बाईंनी सकाळपासून धड जेवणही केलं नव्हतं. आणि त्यालाही कारण होतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मॅट्रिकचा फॉर्म भरला, हॉल तिकीटही हातात आलं, आणि परीक्षेच्या आठवड्यातच हिम्मतरावांशी त्यांचं लग्न लागलं. पेपर राहिले ते राहिलेच. त्यानंतर आयुष्यात त्यांना कोणी प्रश्नपत्रिका दिली नव्हती. आजची ही पहिली.

आणि नेमकं आजच पान बिघडलं.

कोर्स चालवणाऱ्या संस्थेनं म्हणे आदल्या रात्री आपल्या पोर्टलचं रूप बदललं होतं. बाईंनी पान उघडलं तर जुनं पान खाली आणि नवीन पान त्याच्यावर, एकाच दोरीवर दोन साड्या वाळत घालाव्यात तशी. अक्षरांवर अक्षरं चढली होती. 'परीक्षा सुरू करा' हे बटण संस्थेच्या संचालकांच्या फोटोमागे गेलं होतं आणि त्यांच्या मिशीच्या वर त्याचा फक्त वरचा काठ दिसत होता. बाईंनी मिशीवर वीस वेळा दाबून पाहिलं. काही झालं नाही.

मग त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, "अम्मा, टेन्शन नक्को. पुराना पेज अंदर बैठ गया है जी. आपका ब्राउजर देखे हुए पेज की नकल रख लेता. कॅशे क्लिअर कर देव, बस. तीन बटन एकसाथ दबाव, मैं बोलतूं."

बाई पाकिटाच्या पाठीवर तीन बटणांची नावं लिहून घेत होत्या. झोपाळ्यावर पडलेल्या हिम्मतरावांच्या कानात मात्र दोनच शब्द शिरले. नकल. क्लिअर. ते ताडकन उठले. त्यांनी बाईंच्या हातातून फोन घेतला, "ठीक है, हम देख लेते," म्हणून बंद केला आणि वर ते दहा मिनिटांचं वाक्य उच्चारलं.

"अहो, तिनं सांगितलंय मला," बाई म्हणाल्या. "तीन बटणं दाबायची."

"तीन बटणं कोणीही दाबेल. पण त्यानं काय काय जाणार, ते कोण बघणार? सगळ्या घराचं रेकॉर्ड आहे त्यात. तू, मी, कुलदीप, निशिगंधा. उद्या एखादं पान लागलं तर कुणाला विचारायचं, संचालकाच्या मिशीला?"

"पण काही लागत नाही हो त्यातलं."

"तेच एकोणीसशे ब्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या फायलींबद्दल म्हणाले होते," हिम्मतराव म्हणाले. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना पाठ होती, तरी सांगितली.

अनुराधाबाईंनी गोष्ट पूर्ण होऊ दिली. एकदा घड्याळाकडे पाहिलं. "चारला मला बसायलाच हवं. त्यानंतर पेपर पुरा होणार नाही."

"चार कशाला, तीनलाच मोकळं करून देतो."

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, आपल्या वहीत काहीतरी टिपलं आणि आत गेल्या. हल्ली त्या असं अधूनमधून टिपून घेत. हिम्मतरावांना बरं वाटे. आपल्याकडून शिकतेय.

त्यांनी बाहीची बटणं सोडली, लाल बांधणीची कोरी वही काढली, पट्टीनं पाच रकाने आखले आणि कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. कुठेतरी 'हिस्ट्री' असं लिहिलेलं दिसलं. दाबलं. झरझर यादी उतरली. तारीख, वेळ, पानाचं नाव. हिम्मतरावांना भरून आलं. यंत्रानं आपण होऊन अर्धी फेरिस्त करून ठेवली होती. एवढं शिस्तीचं रेकॉर्ड, आणि ही बाई ते तीन बटणांत पुसायला निघाली होती. दोनशे बारा नोंदी होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि अनुक्रमांक एक घातला.

पहिल्या काही नोंदी सरळ होत्या. मुलाच्या, म्हणजे कुलदीपच्या, क्रिकेटच्या. निशिगंधाच्या पडद्यांच्या कापडाच्या. मग स्वतः हिम्मतरावांच्या आल्या. 'पेन्शनवाढ कधी' हे त्यांनी गेल्या महिन्यात एकतीस वेळा विचारलेलं निघालं. ते त्यांनी एकतीस ओळींत लिहिलं, नियम म्हणजे नियम. त्यानंतर 'टकलावर पुन्हा केस येतात का' अशी एक नोंद आली. तिच्यापुढे त्यांनी वर्णनाच्या रकान्यात 'संकीर्ण' लिहिलं आणि लगेच पान उलटलं.

सव्वातीनला अनुक्रमांक शंभरावर पोहोचला, आणि हिम्मतरावांचा हात थबकला.

'वृद्धाश्रम, हैदराबाद.'

असेल, कुणाला तरी देणगी द्यायची असेल. त्यांनी लिहून घेतलं. एकशे एक. 'वृद्धाश्रमात प्रवेशाचे नियम.' एकशे दोन. 'वृद्ध व्यक्तीला नवीन जागेची सवय कशी लावावी.' एकशे तीन. 'हट्टी वृद्ध पुरुषाला कसे समजवावे.' एकशे चार. 'म्हातारा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, कारणे.'

हिम्मतरावांनी पेन खाली ठेवलं. घरात वृद्ध पुरुष एकच होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा म्हातारा कोण, हे मात्र त्यांना कळेना. गुलबर्ग्याची गोष्ट ते फार तर आठवड्यातून दोनदा सांगत.

आता हे बघितलं कुणी? हिम्मतरावांनी रीतसर तपास केला. कुलदीप नाही. त्याचं सगळं शिक्षण इंग्रजीत, त्याला मराठीत स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तरी जोडाक्षराला घाम फुटतो. अनुराधा नाही. ती बिचारी कॉम्प्युटर शिकतेय. उरली निशिगंधा. पुण्याची. मराठी शुद्ध, बोलणं गोड, लग्न होऊन आल्यापासून 'बाबा, बाबा' करत असते. गोड बोलून.

आत जाऊन अनुराधेला सांगावं, असं एकदा वाटलं. पण तिची आज परीक्षा. तिला हा धक्का कसा द्यायचा? त्यांनी एकनाथरावांना फोन केला.

एकनाथराव दुकान नोकरावर सोडून अर्ध्या तासात आले. आले ते हिम्मतरावांच्या बाजूनं लढायलाच आले. खाली मान घालून त्यांनी शंभर ते एकशे चार या नोंदी वाचल्या, मग परत वरून वाचल्या.

"हिम्मत, हे तर पुरं पक्कं झालेलं दिसतंय रे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "नियम बघितले म्हणजे फॉर्म भरला. सवय कशी लावायची बघितलं म्हणजे फॉर्म पास झाला."

"मग हट्टी पुरुषाचं काय?"

"ते तुला गाडीत कसं बसवायचं, त्याच्यासाठी."

हिम्मतरावांनी वही मिटली. मग लक्षात आलं की स्वयंपाकघरातून बाई येतायत. दोघे वही घेऊन गडबडीनं गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला सात मिनिटं होती. काचेतून हिम्मतरावांनी पाहिलं, अनुराधा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली होती. त्यांना तिची दया आली. फेरिस्त अर्धीच झाली, कॅशे तसंच राहिलं, आता ती बिचारी पुन्हा मिशीवरच दाबत बसणार. पण पुरुषाच्या डोक्यावरचं छप्पर उडालेलं असताना त्यानं मिश्या कुठवर सांभाळायच्या?

गॅलरीत दोघांची मसलत झाली. कुलदीपला फोन लावला, त्यानं उचलला नाही. "बापाचा फोन आता कायकू उचलेल," एकनाथराव म्हणाले. मग काही वेळ काय बोलायचं याचा मसुदा तयार झाला, तो दोनदा बदलला, आणि पाचच्या सुमाराला हिम्मतरावांनी निशिगंधाला फोन केला. एकनाथरावांनी साक्षीदार म्हणून स्पीकर लावायला लावला.

"निशिगंधा," हिम्मतराव म्हणाले, "मला सगळं कळलंय."

पलीकडे ती चक्क हसली.

"कळलं का, बाबा? आईंनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? लेखी पुरावा आहे."

"अहो, रागावू नका ना. आम्ही मुद्दामच नाही सांगितलं. आजचं एकदा पार पडलं की मग सांगू, असं आईच म्हणाल्या. आधी सांगितलं असतं तर तुम्ही शंभर हरकती काढल्या असत्या."

हिम्मतरावांनी एकनाथरावांकडे पाहिलं. एकनाथरावांनी मान डोलावली.

"कधीपासून?" हिम्मतरावांनी विचारलं.

"सोमवारपासून. साडेनऊला गाडी दारात येईल न्यायला. मी स्वतः जागा बघून आलेय, बाबा. काचीगुड्याच्या अलीकडेच आहे. हवेशीर आहे, मागे बाग आहे, दुपारचं जेवण तिथेच. सगळी तुमच्या वयाची माणसं."

"आणि अनुराधेला... हे पसंत आहे?"

"पसंत? अहो, त्यांचीच तर कल्पना. इतकी वर्षं घरात काढली, आता बास, म्हणाल्या. बाबा, मला मीटिंगला बोलावतायत, घरी आल्यावर सविस्तर बोलू. आणि प्लीज, आत्ता आईंना त्रास देऊ नका."

फोन बंद झाला. मग एकनाथराव खाकरून म्हणाले, "बाग आहे म्हणाली ती."

"हो."

"आणि जेवण तिथेच."

"हो."

"अजून एखादी जागा असेल का रे? माझ्या घरी तर दोन्ही सुना नोकरीवर, दुपारी माझं मीच वाढून घेतो."

हिम्मतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एकनाथरावांनी तो विषय पुढे नेला नाही.

सुनेचं हिम्मतरावांना एक वेळ चाललं असतं. सून परक्या घरून आलेली. पण अनुराधा? अठ्ठेचाळीस वर्षं ज्या बाईचा प्रत्येक कागद आपण जपून ठेवला, तिनं आपल्यालाच निकाली काढावं, आणि तेही फेरिस्तीशिवाय? राग यायला हवा होता, तो येईना. नुसतं वाईट वाटत होतं.

"सोमवारची वाट कशाला बघायची," ते म्हणाले. "आजच जातो. गाडी पाठवायचे उपकार नकोत."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी बॅग काढली. दोन पायजमे, तीन सदरे, दाढीचं सामान, पेन्शनचं पुस्तक. हयातीच्या दाखल्याची एक प्रत घेतली, न जाणो, तिथे आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागलं तर. मग माळ्यावरून गठ्ठा क्रमांक सात उतरवला. त्याची गाठ सोडली आणि आतून एक पिवळं पडलेलं, कडा विरलेलं हॉल तिकीट काढलं. मॅट्रिकचं. वर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. हे आपण इतकी वर्षं का ठेवलं, ते हिम्मतरावांना नीट सांगता आलं नसतं. पण जायचंच, तर तिचं तिला देऊन जावं, असं त्यांना वाटलं.

सहाला सहा मिनिटं कमी असताना हिम्मतराव बॅग घेऊन बैठकीत आले. मागे एकनाथराव, हातात लाल वही. बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि दोन बोटांनी टकटक टकटक करत होत्या.

"अनुराधा, मी चाललो."

बाईंनी मान न वळवता डावा हात वर केला. "सहा मिनिटं थांबा."

"अठ्ठेचाळीस वर्षं थांबलो, अजून सहा मिनिटं?"

"पाच राहिली."

"मला सगळं कळलंय. वृद्धाश्रम कळला, बाग कळली, गाडी कळली. तुझं म्हणणं एवढंच होतं, तर मला एका ओळीचा अर्ज दिला असतास. मी काही नामंजूर केला नसता." इथे ते बाहीनं डोळे पुसत रडू लागले.

तेव्हा बाईंनी मागे वळून पाहिलं. बॅग पाहिली, एकनाथराव पाहिले, नवऱ्याचे डोळे पाहिले. त्या काय समजायचं ते समजल्या असाव्यात की काहीच समजल्या नसाव्यात, सांगता येत नाही. पण त्यांचा आवाज इतका मऊ आला की हिम्मतरावांना तो ओळखीचा असूनही नवा वाटला.

"बसा आधी. एकनाथराव, यांना पाणी द्या. मग सगळं सांगा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

हिम्मतराव बसले. कसे बसले ते कळलं नाही, पण बसले. पाणी प्यायले. बाईंनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं आणि पुटपुटत टाइप केलं, "...प्रथम बसवावे. पाणी द्यावे. वाद न घालता पूर्ण ऐकून घ्यावे." मग त्यांनी एक बटण दाबलं. हे बटण कुठल्या मिशीमागे नव्हतं, पानाच्या तळाशी चांगलं उघड्यावर होतं.

सहाला तीन मिनिटं होती. बाईंनी खुर्चीत मागे टेकून लांब श्वास सोडला. "झालं," त्या म्हणाल्या. "अहो, झाला पेपर."

"पण ते पान..." हिम्मतरावांना आपण कशाबद्दल रडत होतो तेच आठवेना. "पान नीट कसं झालं? फेरिस्त तर एकशे चारवर थांबलीय."

"तुम्ही गॅलरीत गेलात ना, तेव्हा दाबली तीन बटणं."

"म्हणजे सगळा इतिहास गेला?"

"इतिहास कशाला जातोय? तो जिथल्या तिथे आहे. नुसती जुनी चित्रं पुसायची होती. अर्धं मिनिट लागलं."

एकनाथरावांनी हातातली लाल वही हळूच टेबलावर उपडी ठेवली.

तोवर पडद्यावर मोठी अक्षरं आली होती. हिम्मतरावांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'ज्येष्ठ नागरिक देखभाल आणि शुश्रूषा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम. आपली उत्तरपत्रिका जमा झाली आहे.'

"हा... कॉम्प्युटरचा कोर्स नाही?"

"कॉम्प्युटरचा?" बाई चकित झाल्या. "कोण म्हणालं?"

एकनाथराव पंख्याकडे बघू लागले.

"काचीगुड्याला नवीन केंद्र निघालंय, म्हातारी माणसं दिवसभर येऊन बसतात ते," बाईंनी सांगितलं. "मला देखरेखीवर घेतायत. परीक्षा दिली तरच. सोमवारपासून जायचंय, त्यांची गाडी येईल न्यायला. पेपर झाला की सांगणारच होते तुम्हाला."

"तुला न्यायला."

"नाहीतर कुणाला?"

"आणि ते वृद्धाश्रमाचे नियम?"

"धडा चौथा."

"नवीन जागेची सवय?"

"पाचवा."

"हट्टी वृद्ध पुरुष?"

"सहावा. त्याचे दोन भाग आहेत."

"आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा म्हातारा?"

बाई जरा घुटमळल्या. "तो गृहपाठ होता. एका ज्येष्ठ व्यक्तीचं महिनाभर निरीक्षण करून लिहायचं होतं." मग त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "चार महिने इथे तुमच्यासमोर बसले होते मी. काय शिकतेस, एवढं तरी विचारलंत का कधी?"

हिम्मतरावांकडे छत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे, निदान 'चौकशी चालू आहे' एवढं तरी. आज हातात फक्त तो पिवळा कागद होता. तो त्यांनी पुढे केला.

बाईंनी हॉल तिकीट उलटंसुलटं पाहिलं. त्या दोन वेण्यांच्या मुलीवरून अंगठा फिरवला. "हे होतं तुमच्याकडे?"

"गठ्ठा क्रमांक सात."

बाई हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. एकनाथराव म्हणाले, आता निघतो, दुकान उघडं आहे. आणि दारात चपला घालता घालता त्यांनी बाईंना हळूच विचारलं, वहिनी, त्या केंद्रात दुपारच्या जेवणात भाकरी असते का?

पंधरा दिवसांनी निकाल आला. शंभरात शहाऐंशी. कुलदीपनं पेढे आणले आणि निशिगंधानं सासूबाईंच्या प्रमाणपत्राला चौकट करून आणली. हिम्मतरावांनी त्याच्या तीन प्रती काढल्या, मग सोबत आलेला परीक्षकांचा अभिप्राय मोठ्यानं वाचायला घेतला. सगळीकडे उत्तम, उत्तम असंच होतं. फक्त गृहपाठाखाली दोन ओळी जास्त होत्या. 'श्री. ह., वय ७१, यांचे निरीक्षण वाचनीय आहे. तथापि सदर व्यक्ती काल्पनिक असावी असे वाटते. चित्रण अतिशयोक्त झाले आहे, त्यामुळे चार गुण कमी केले आहेत.'

घरातले सगळे एकदम कुठे कुठे बघू लागले. कुलदीपनं पेढा तोंडात कोंबला.

हिम्मतराव लालबुंद झाले. आपल्यामुळे बायकोचे चार गुण गेले, हे काही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे कागद घेतला आणि संस्थेला अर्ज लिहिला. 'सदर व्यक्ती काल्पनिक नसून माझ्याच राहत्या घरी राहते. निरीक्षणातील मजकूर मी स्वतः तपासला असून तो बरोबर आहे. किंबहुना काही बाबी कमी लिहिल्या आहेत. तरी चार गुण परत मिळावेत. पुरावा म्हणून हयातीचा दाखला जोडत आहे, प्रती तीन.'